पिपेट धरायला शिकवणारं कॉलेज

नमस्कार श्रोतेहो.

इन्सुलिन कोण बनवतं, असं विचारलं तर आपण कंपनीचं नाव सांगतो, फार तर शास्त्रज्ञाचं. टाकीतल्या जिवाणूंचं तापमान रात्रपाळीत तपासून नोंदवणारा टेक्निशियन आपल्या गावीही नसतो. अशी माणसं घडवण्यात ज्यांची कारकीर्द गेली, त्या अमेरिकेतल्या एलेन जॉन्सन यांच्याविषयी आज बोलणार आहे.

1976 साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ जेनेनटेक ही बायोटेक कंपनी, म्हणजे जिवंत पेशींकडून औषधं बनवून घेणारी कंपनी, सुरू झाली, 1982 मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला मंजुरी मिळाली, आणि हा धंदा वाढत गेला. डॉक्टरेटवाल्यांइतकीच गरज होती ती तयार हातांची. 1998 साली नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या पैशातून सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘बायो-लिंक’ हे केंद्र उभं राहिलं. जॉन्सन बाई त्याच्या प्रमुख. देशभरातल्या दोन वर्षांच्या कॉलेजांतले बायोटेक शिक्षक त्यांनी एकमेकांना जोडून दिले. कंपन्यांनी काढून टाकलेली पण चालू स्थितीतली उपकरणं गोळा करून शिक्षकांना देण्याची सोयही बायो-लिंकनं केली.

अशा दोन वर्षांच्या कॉलेजात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजात, प्रवेशाला मार्कांची अट नसते. दिवसा नोकरी करणारे, मुलंबाळं असलेले, गणित सुटून वर्षं झालेले, सगळे येतात. अशांसाठी सिटी कॉलेजात ‘ब्रिज टू बायोटेक’ नावाचा पायाभूत वर्ग सुरू झाला.

या धंद्याचे पहिले धडे अगदी साधे असतात. पिपेटनं, म्हणजे अंगठ्यानं दाबून द्रव मोजून घ्यायच्या नळीनं, हजार मायक्रोलिटर, म्हणजे एक मिलिलिटर, पाणी घ्यायचं आणि तराजूवर सोडायचं. काटा एक ग्रॅमच्या आसपास आला पाहिजे. कमी भरलं तर बहुधा अंगठा घाईनं सुटलेला असतो, पुन्हा घ्या. वहीत आकडा चुकला तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही, असा औषध कारखान्यांचा दंडक.

आपल्याकडे प्रॅक्टिकलची जर्नलं कशी पूर्ण होतात, ते आपण जाणताच. उत्तर आधी, रीडिंग मागून! त्याच मुलांना उद्या हडपसरला लशीच्या कारखान्यात बॅच रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक खेपेच्या उत्पादनाची नोंद, भरायचं असतं. पिपेट एकवेळ आठवड्यात जमेल. जुळवून लिहायची सवय मोडायला मात्र वेळ लागतो.

2019 पासून बायो-लिंकचं काम टेक्सासमधल्या ऑस्टिन कम्युनिटी कॉलेजातलं ‘इनोव्हेटबायो’ हे केंद्र, लिनिया फ्लेचर यांच्या नेतृत्वाखाली, पुढे नेऊ लागलं.