दोष धुळीचा होता का?

मंडळी, विश्वाच्या प्रसरणाचा वेग खरंच वाढतोय, की वाटेतल्या धुळीमुळे तसा भास होतो, हा आजचा प्रश्न. विश्व प्रसरण पावतंय हे १९२९ साली हबलने दाखवलं, त्यावर मी वेळ घालवत नाही. नव्वदच्या दशकात दोन गट कामाला लागले, ते हे प्रसरण किती मंदावतंय ते मोजायला. गुरुत्वाकर्षण आहे म्हटल्यावर ते मंदावणारच, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. एक गट बर्कलीच्या सॉल पर्लमटर यांचा, दुसरा ब्रायन श्मिट यांचा. त्यात ॲडम रीस होते. दोघांत चढाओढ चांगलीच होती.

काम कसं चालायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरी करामत तिथे आहे. त्यांना हवा होता '१अ' प्रकारचा सुपरनोव्हा, म्हणजे श्वेत बटूचा, विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचा, स्फोट. त्याचं मूळ तेज ठाऊक असलं की तो किती मंद दिसतो त्यावरून अंतर काढता येतं. एका दीर्घिकेत असा स्फोट शतकानुशतकांत एखादाच होतो. 'कधीतरी फुटेल' म्हणून दुर्बिणीच्या रात्री कोण देणार? मग अमावस्या उलटली की चिलीतल्या सेर्रो तोलोलोच्या चार मीटर दुर्बिणीने हजारो दीर्घिकांची छायाचित्रं घ्यायची, साधारण तीन आठवड्यांनी तेच आकाश पुन्हा टिपायचं आणि संगणकावर दुसऱ्या चित्रातून पहिलं वजा करायचं. उरलेला ठिपका हा उमेदवार. मग हवाईतल्या केक दुर्बिणीने त्याचा वर्णपट घ्यायचा आणि खात्री करायची. शिवाय हे स्फोट सगळे सारख्याच तेजाचे नसतात. जो सावकाश विझतो तो मुळात जास्त तेजस्वी, हे मार्क फिलिप्स यांनी १९९३ साली दाखवलं होतं. ती दुरुस्ती नसती तर पुढचं सगळंच फसलं असतं.

१९९८ साली दोन्ही गटांचा निष्कर्ष एकच निघाला: दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा वीस-पंचवीस टक्के मंद. म्हणजे ते जास्त लांब आहेत, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढतोय.

पण मंद दिसण्याचं साधं कारण वाटेतली धूळ असू शकत नाही का? उन्हाळ्यात धुळीमागचा मावळता सूर्य मंद होतो, तसा तांबडाही होतो. हे सुपरनोव्हा तेवढे तांबडे नव्हते. मग शंका निघाली 'करड्या' धुळीची, जी सगळे रंग सारखेच अडवते. आपल्या पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, जयंत नारळीकरांचा आक्षेप याच जातीचा. विश्वकर्मा आणि बर्बिज यांच्यासह २००२ साली त्यांनी मांडलं की दीर्घिकांमधल्या जागेत लोखंडाच्या बारीक सुया पसरल्या असतील, तर त्वरण न मानताही ही निरीक्षणं बसतात. गंमत बघा, १९४८च्या मूळ स्थिर-स्थिती सिद्धांतात, म्हणजे विश्व कायम सारखंच असतं असं मानणाऱ्या सिद्धांतात, प्रसरणाचा वेग वाढताच होता! त्या परंपरेतला माणूस आता त्वरणावर शंका घेत होता. मला ती शंका पटत नाही, पण विचारायलाच हवी होती.

साध्या करड्या धुळीला धक्का बसला तो १९९७एफएफ या सुपरनोव्हाने. हबल दुर्बिणीच्या चित्रांत तो सापडला, आणि नंतरच्या चित्रांत जवळपास योगायोगानेच टिपला गेला. त्याचा प्रकाश दहा अब्ज वर्षांहून जुना. धूळ असती तर जितकं लांब जावं तितकी मंदी वाढत गेली असती. २००१ साली जाहीर झालेल्या विश्लेषणात हा उलट त्या हिशेबापेक्षा तेजस्वी निघाला. म्हणजे आधी प्रसरण खरोखरच मंदावत होतं आणि पाच-सहा अब्ज वर्षांपूर्वी पारडं फिरलं.

माझ्या मते निर्णायक पुरावा त्यानंतरचा. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीवरचे, म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या प्रकाशातले, डाग आणि दीर्घिकांच्या वाटणीत दिसणारं सुमारे पन्नास कोटी प्रकाशवर्षांचं ठरावीक अंतर, ही दोन्ही मोजमापं कुठल्याच ताऱ्याच्या तेजावर अवलंबून नाहीत. धूळ प्रकाश कमी करेल, अंतराची पट्टी आखूड करणार नाही. उत्तर मात्र तेच येतं: विश्वातली साधारण ६८ टक्के ऊर्जा 'डार्क एनर्जी', म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारी, अजून न उमगलेली ऊर्जा. २०११ साली पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना नोबेल मिळालं.

ही ऊर्जा म्हणजे आइन्स्टाइनचा १९१७चा, काळाबरोबर न बदलणारा स्थिरांक का? सर्वांत सोपं उत्तर तेच. पण ॲरिझोनातल्या, दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या 'डेसी' सर्वेक्षणाच्या २०२४ आणि २०२५च्या निकालांत ती हळूहळू क्षीण होत असल्याचे संकेत आहेत. संकेतच, सिद्धता नव्हे. आणि सोबत सुपरनोव्हांची कुठली यादी जोडता त्यावर त्यांचा जोर कमीजास्त होतो. म्हणून आता वाद चाललाय तो जवळच्या आणि दूरच्या सुपरनोव्हांचं तेज एकाच मापाने मोजलं गेलंय का, यावर.