काळ्या पेनाखालचे आकडे

व्हिडिओ गेम घडवताना अग्रक्रम भव्यतेला द्यावा की सर्जनशीलतेला, या प्रश्नावर बोलताना मला एक पान आठवते. ते जून २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयात दाखल झालेल्या कागदपत्रांतले आहे. मायक्रोसॉफ्टला अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम बनवणारी कंपनी विकत घेऊ द्यावी की नाही, यावर तेथे सुनावणी चालू होती, आणि प्रतिस्पर्धी असलेल्या सोनीच्या कागदांवरील गोपनीय आकडे जाड काळ्या पेनाने खोडण्यात आले होते. पाने स्कॅन झाली, तेव्हा शाईखालचे आकडे वाचता येऊ लागले. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमच्या निर्मितीवर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च झाले होते, तर ‘होरायझन फॉर्बिडन वेस्ट’वर २१ कोटी २० लाख, या दुसऱ्या गेमसाठी ३०० कर्मचारी पाच वर्षे काम करत होते. आपल्या गेमचा खरा खर्च सहसा न सांगणाऱ्या या व्यवसायाचे गुपित फिक्या शाईने फोडले.

हे दोन्ही गेम आधी गाजलेल्या गेमचे दुसरे भाग आहेत, आणि तो योगायोग मानण्याचे कारण नाही. ७० डॉलरचा गेम विकून २१ कोटी २० लाख डॉलर नुसते वसूल करायचे, तरी पूर्ण किमतीला ३० लाखांहून अधिक प्रती खपाव्या लागतात, आणि त्यातही दुकानदाराचा वाटा व जाहिरात धरलेली नाही. एवढी रक्कम पणाला लागल्यावर ‘हे पूर्वी कोणी केले आहे का?’ हा प्रश्न बैठकीत सर्वांत आधी विचारला जातो, आणि ज्या कल्पनेला ‘नाही’ असे उत्तर द्यावे लागते ती तेथेच अडते. कल्पक माणसे मोठ्या स्टुडिओंतही असतातच. त्यांना चुकण्याची मुभा मात्र नसते.

तरीही सुरक्षित वाटणारी वाट सुरक्षित असतेच असे नाही. सोनीनेच २३ ऑगस्ट २०२४ रोजी ‘कॉनकॉर्ड’ हा अनेक वर्षे घडवलेला नेमबाजीचा गेम ४० डॉलरला बाजारात आणला. त्याची नेमबाजी वाईट नव्हती, पण त्याच धाटणीचे लोकप्रिय गेम खेळाडूंना फुकट मिळत होते. ६ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांत, तो बंद झाला, ग्राहकांचे पैसे परत करण्यात आले आणि पुढच्याच महिन्यात तो घडवणाऱ्या स्टुडिओलाही टाळे लागले. यशस्वी गेमच्या पावलावर पाऊल टाकायला निघालेला गेम तयार होईपर्यंत बाजार पुढे निघून गेलेला असतो, हे पुन्हा एकदा दिसले.

आता याच सॅन फ्रान्सिस्को शहरातले, पण सहा वर्षे आधीचे एक दृश्य पाहू. मार्च २०१७ मध्ये गेमनिर्मात्यांच्या वार्षिक परिषदेत निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि त्यांचे सहकारी व्यासपीठावर आले. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा त्यांचा नवा गेम त्याच आठवड्यात प्रसिद्ध होत होता, डोंगर, पाऊस, गवताची लाट, क्षितिजापर्यंत पसरलेला प्रदेश असे त्याचे रूप होते. सभागृहात मात्र त्यांनी एक कच्चा नमुना दाखवला, जो दिसायला १९८६ च्या पहिल्या झेल्डासारखा होता: सपाट जमीन, चौकोनी ठोकळ्यांची झाडे आणि वरून दिसणारा इवलासा नायक. त्या नमुन्यात झाड तोडता येई, जाळता येई, त्याचा ओंडका पाण्यात लोटता येई. आग, पाणी, वारा आणि लाकूड यांनी एकमेकांशी कसे वागायचे याचे नियम ठरवले, तर खेळाडू निर्मात्यांनाही न सुचलेल्या युक्त्या शोधून काढेल का, एवढेच त्यांना पाहायचे होते. ते पाहण्यासाठी डोंगर रंगवण्याची गरज नव्हती. तो प्रयोग फसला असता, तर थोडेसेच काम वाया गेले असते.

पुढे शेकडो माणसांनी त्या नियमांवर एक अवाढव्य जग उभे केले. गेम २०१५ मध्ये येणार होता, तो दोनदा लांबला, आणि नंतर त्याच्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या. भव्यता आणि सर्जनशीलता या सवती आहेत असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यायला हवे. माझे मत सर्जनशीलतेला अग्रक्रम द्यावा असेच आहे, आणि येथे अग्रक्रम हा शब्द मी अक्षरशः वापरतो आहे: कल्पनेची कसोटी आधी लागावी, मोठा खर्च त्यानंतर व्हावा.

अर्थात कसोटीला उतरणेही पुरेसे ठरतेच असे नाही. टोकियोच्या टँगो गेमवर्क्स या स्टुडिओचा ‘हाय-फाय रश’ हा गेम जानेवारी २०२३ मध्ये घोषणेच्याच दिवशी विक्रीला आला. त्यातील सारे जग संगीताच्या ठेक्यावर हलते, आणि त्याला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कारही मिळाला. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या मालकीचा हा स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. तो वाचला, तो क्राफ्टॉन या कोरियन कंपनीने ऑगस्टमध्ये पुढे येऊन त्याला आसरा दिला म्हणून.

गरिबीत कला अधिक फुलते, असे मात्र कोणी समजू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ घडवताना २०१७ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडे निधी मागितला, आणि ती मोहीम अपयशी ठरली. तरीही ऑगस्ट २०२० मध्ये हा गेम निन्टेंडो स्विच या खेळयंत्रावर आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळाले. राजस्थानी धाटणीचे किल्ले, पहाडी लघुचित्रांचे रंग, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा आणि हरवलेल्या भावाला शोधत असुरांशी लढणारी एक डोंबारी मुलगी, हे सारे कोणत्याही यशस्वी गेमची नक्कल करून सुचणारे नव्हते. लढती त्याच त्याच वाटतात, गेम काही तासांत आटोपतो आणि शेवट तुटल्यासारखा येतो, या समीक्षकांच्या तक्रारीही खऱ्या आहेत. मला त्यांत पैशाची ओढाताण दिसते.

काळ्या पेनाखालच्या त्या २१ कोटी २० लाखांचे प्रत्येकी २० लाख डॉलरचे वाटे केले, तर ते शंभराहून अधिक होतात. त्यांतला एक जरी पुण्यापर्यंत पोहोचला असता, तरी राजीच्या गोष्टीला कदाचित तिचा पुरता शेवट मिळाला असता.