अडीचशे रुपयांपायी अख्खं खातं बंद

सांगलीत संध्याकाळी कुठल्याही भडंगवाल्याच्या काउंटरवर बघा, क्यूआर कोडचा स्टँड, शेजारी तो छोटा स्पीकर, आणि दर दोन मिनिटाला पैसे आल्याचा आवाज. गिऱ्हाईक कोण, त्याच्या खात्यात पैसे कुठनं आले, हे कोण विचारतंय, आणि विचारायचं तरी कशाला, माल दिला पैसे घेतले, व्यवहार संपला.

पण आता तो तिथं संपत नाही. समजा हैदराबादच्या कुणा आजोबांना डिजिटल अरेस्टची, म्हणजे फोनवर खोटा पोलीस बनून अटकेची भीती घालून लुटलं. ते पैसे एका खात्यातनं दुसऱ्यात, तिथनं फुटून पाच-दहा खात्यांत गेले आणि त्यातल्या एकानं सांगलीत येऊन अडीचशेचं भडंग घेतलं. आजोबांनी १९३० ला, म्हणजे सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला फोन केला की पैसा जिथं जिथं फिरला त्या सगळ्या बँकांना सिस्टिममधनं कळतं, एकेका टप्प्याला लेयर म्हणतात, आणि चौथ्या लेयरला आपला भडंगवाला. तो सकाळी शेंगदाण्याचं पेमेंट करायला जातो तर ट्रान्झॅक्शन फेल. बँकेत विचारलं तर उत्तर येतं, "वरनं फ्रीज आलंय, तिकडच्या सायबर पोलिसांशी बोला."

एक गोष्ट आधीच सांगतो, ही १९३० ची यंत्रणा पाहिजेच. केंद्रीय गृह खात्याची ही सोय २०२१ पासून चालू आहे आणि फ्रॉड झाल्यावर पहिल्या तासा-दोन तासात फोन गेला तर पैसा वाटेतच अडतो, कुणाची आयुष्यभराची पुंजी वाचते. त्यामुळं पैसा अडवूच नका असं कुणीच म्हणत नाही, प्रश्न आहे किती अडवायचा.

इथं दोन शब्द नीट समजून घ्या. होल्ड किंवा लीन म्हणजे वादातली तेवढीच रक्कम अडकते, बाकी खातं चालू. डेबिट फ्रीज म्हणजे खात्यातनं एक रुपया बाहेर जात नाही. मग अडीचशेच्या वादात चार लाख अडकतात, कामगारांचा पगार, कर्जाचा हप्ता, पोराची फी सगळं त्यात, हप्ता बाऊन्स झाला की दंड वेगळा आणि सिबिल खराब झालं ते वेगळंच!

पोलिसांना अधिकार कुठला? बँक खातं ही मालमत्ताच आहे आणि पोलीस ते तपासात गोठवू शकतात, हे सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्येच सांगितलंय, तापस नियोगी केसमध्ये, आणि ती केस आपल्या महाराष्ट्र सरकारचीच होती. तेव्हा यूपीआय नव्हतं. आता १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यातलं कलम १०६ म्हणजे जुन्या सीआरपीसीचं १०२. त्यात स्पष्ट आहे की पोलिसांनी स्वतः जप्ती केली तर मॅजिस्ट्रेटला ताबडतोब कळवायचं. शेजारचंच कलम १०७ म्हणतं की गुन्ह्यातनं आलेली मालमत्ता जप्त करायची तर कोर्टाकडं जा, समोरच्याला चौदा दिवसांची नोटीस द्या, त्याचं ऐका. मग खातं गोठवताना १०६ पुरे की १०७ ची वाट धरायची, यावर हायकोर्टांत वाद चाललाय. केरळ हायकोर्टानं २०२३ मध्ये डॉ. सजीर यांच्या केसमध्ये बँकांना सांगितलं की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवलीय तेवढ्यापुरतंच थांबवा. मला हेच बरोबर वाटतं, आणि हे देशभर एकसारखं लागू व्हायला पाहिजे, खातेदाराचं नशीब खातं कुठल्या राज्यात आहे यावर ठरू नये.

आपल्या जिल्ह्याला हे जास्त लागतं. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी माणसं अख्ख्या देशात पसरलीत, तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद कुठकुठनं आलेल्या पैशावर विकली जाते. समोरच्या व्यापाऱ्यानं कुणाच्या खात्यातनं पैसे टाकले हे अडत्याला कळणार कसं?

खातं अडकलंच तर बँकेकडनं लेखी मागा, तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. तक्रारीचा अकनॉलेजमेंट नंबर, पोलीस ठाणं, आणि वादातली नेमकी रक्कम, ह्या तीन गोष्टी हातात पाहिजेत. मग त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा, सोबत बिल, पट्टी, गाडीची बिल्टी, माल खरोखर गेल्याचा जो पुरावा असेल तो जोडा आणि मागणी एकच करा, तेवढ्या रकमेवर होल्ड ठेवा, बाकीचं खातं खुलं करा. मधला एजंट गाठून पैसे चारू नका.

आणि कॉलेजच्या पोरांनो, दोन-चार हजारांसाठी स्वतःचं खातं, एटीएम, सिम कुणाला वापरायला देऊ नका. फ्रॉडचा पैसा फिरवायला वापरलेल्या अशा खात्याला म्यूल अकाउंट म्हणतात, ते हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं म्यूलहंटर नावाची एआय सिस्टिम काढलीय, आणि तिथं "मला माहीत नव्हतं" म्हणून सहजासहजी सुटका होत नाही.

ईमेलनं काम झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं त्याच नव्या संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो, पण केस तेलंगणात तर कोर्टही तिकडचं, अडीचशे रुपयांसाठी कोण हैदराबादला जाणार. म्हणून हायकोर्टाची वाट महत्त्वाची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, सांगली-सातारा त्यातच येतात. खातं सांगलीच्या शाखेत, नुकसान सांगलीत, म्हणजे दाद मागायचं कारण अंशतः इथंच घडलं, असं राज्यघटनेच्या कलम २२६ खाली मांडता येतं. वकिलाला हा मुद्दा पहिल्याच भेटीत विचारा.