आधी कबरस्तान, मग मशीद

मंडळी, विषय कबरस्तानाचा आहे म्हणून आवाज उतरवून बसायची गरज नाही. ज्यूंच्या हिब्रू भाषेत कबरस्तानाला 'बेत हाखाइम' असंही म्हणतात, म्हणजे जिवंतांचं घर. आपण दुकान बंद करत नाही, 'वाढवतो'. घरातून निघताना 'येतो' म्हणतो. त्यातलाच हा प्रकार.

ज्यू धर्मग्रंथात अब्राहामची गोष्ट आहे. कनान देशात हा माणूस तंबू ठोकत फिरला. तिथं त्यानं विकत घेतलेली पहिली जमीन कसली, तर बायकोला पुरण्यासाठीची. सारा वारली तेव्हा एफ्रोन नावाच्या हित्ती माणसाकडून त्यानं मखपेलाची गुहा आणि भोवतालचं शेत घेतलं, ४०० शेकेल चांदी मोजून. एफ्रोन आधी म्हणतो, अहो पैसे कसले, घ्या तशीच. अब्राहाम ऐकत नाही. फुकट मिळालेल्या जागेवर पुढे कुणाची तरी नातवंडं हक्क सांगायला येतात, हे त्याला ठाऊक असावं.

आपल्या कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायलांची गोष्टही दफनापासूनच सुरू होते. अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्या अलीकडे नवगाव आहे. परंपरा सांगते की तिथल्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती या चौदा जणांनी पुरली. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. ते दोन उंचवटे नवगावच्या ज्यू कबरस्तानात आजही दाखवतात. कधीची गोष्ट, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि मी त्या भांडणात पडत नाही. मला त्या उंचवट्यांवर एकही अक्षर नाही, हे जास्त बोलकं वाटतं. केरळात चेंदमंगलमला सारा नावाच्या एका बाईचा १२६९ सालचा हिब्रू लेख असलेला थडग्याचा दगड आहे. नवगावला नुसती माती.

कारण या लोकांजवळ पुस्तकच उरलं नव्हतं. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली' हे नाव. मुलाची सुंता आठव्या दिवशी. मासा खायचा तो पंखांचा आणि खवल्यांचा. 'शेमा इस्राएल' हे प्रार्थनेचे शब्द. एवढ्या शिदोरीवर त्यांनी कित्येक पिढ्या काढल्या. आडनावं गावांची घेतली: रोहेकर, पेणकर, झिराडकर, नवगावकर. पण प्रार्थनेची वास्तू? पहिली झाली ती १७९६ साली मुंबईत, मांडवीला. कंपनी सरकारच्या पलटणीतल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी ती बांधली. ते टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. लोक तिला मशीदच म्हणत; मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. दिवेकर मात्र पुढच्याच वर्षी कोचीनला वारले आणि तिकडेच पुरले गेले. अलिबागचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, १८४८चं, पनवेलचं १८४९चं. आता तुम्हीच हिशेब करा, त्याआधी किती पिढ्या मातीआड झाल्या असतील. या समाजानं कबरस्तान आधी केलं, मशीद फार उशिरा.

ज्यू धर्मात थडगं कायमचं असतं. काही वर्षांनी तीच जागा उकरून दुसऱ्याला देत नाहीत. त्यामुळे सिनेगॉगच्या ट्रस्टींच्या डोक्यावर मेलेल्यांचा भार कधी कमी होत नाही, वाढतच जातो. त्यात कद्दिश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. १९४८नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले आणि गावोगावी दहाचे पाच, पाचाचे दोन झाले. सिनेगॉगला कुलूप लावता येतं. कबरस्तानाला लावलं तरी आत पावसाळ्यात रान माजायचं थांबत नाही.

एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईत बगदादी ज्यू व्यापारी आले तेव्हा सुरुवातीला कबरस्तान सामायिक होतं. १८३६ साली डेव्हिड ससून आणि इतर बगदादी पुढाऱ्यांनी मुंबई सरकारकडे अर्ज केला: आमच्या आणि बेने इस्रायलांच्या थडग्यांमध्ये भिंत घालू द्या. हे अस्सल ज्यू आहेत का, अशी शंका. एका पंगतीला न बसणारे आपल्याकडेही कमी नव्हते, त्यामुळे मला या अर्जाचं नवल वाटत नाही. पण मेल्यावरसुद्धा शेजार नको, हे टोचतं. पुढे चिंचपोकळीला एलियास ससून यांनी मुलाच्या स्मरणार्थ वेगळं कबरस्तानच करून दिलं.

आता दगडांकडे. कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या घराण्यातल्या माणसाच्या थडग्यावर जगभर आशीर्वाद देणारे दोन पंजे कोरतात. बेने इस्रायलांमध्ये परंपरेनं कोहेनही नाहीत आणि त्यांचे मदतनीस लेवीही नाहीत, सगळे सरसकट इस्राएल. म्हणून कोकणातल्या थडग्यांवर पंजे शोधत बसू नका. वरच्या बाजूला 'पे' आणि 'नून' ही दोन अक्षरं दिसतील, अर्थ 'इथे पुरलं आहे'. त्याच दगडावर मराठी मजकूर, कुठे इंग्रजीही.

दगड वाचायला दुपारी जाऊ नका. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जा, किरण तिरपे पडतात आणि झिजलेली अक्षरं उठून दिसतात. नाहीतर आरशानं बाजूनं उजेड पाडा. खडू घासू नका, तारेचा ब्रश तर मुळीच नको. निघताना फाटकाशी हात धुवायचे, हा रिवाज आहे.

असाच एकदा मी एका कबरस्तानात आरसा धरून उभा होतो. इस्रायलहून एक तरुण आला होता, पणजीचं थडगं शोधत. हिब्रू त्याला आपण वर्तमानपत्र वाचतो तशी येत होती. मराठीतले चारच शब्द येत होते, त्यातला एक 'पोळी'. दगड सापडला, नाव जुळलं, आणि साल वाचून गडी गप्प झाला. हिब्रू साल अक्षरांत लिहितात, प्रत्येक अक्षराला किंमत असते, वरचे पाच हजार बहुधा लिहीत नाहीत, गृहीत धरतात. तव म्हणजे ४००, रेश २००, नून ५०, आणि शेवटी पुन्हा रेश, २००. बेरीज ८५०. म्हणजे ५८५०, आपलं २०८९ किंवा २०९०. पणजीबाई अजून जायच्या होत्या!

कबरस्तान राखणारे काका बाजूला विळा घेऊन उभे होते. हिब्रूचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. ते खाली वाकले, पाचोळा सारला आणि मराठी ओळ मोठ्यानं वाचली, "जानेवारी, सन १८९४."

मग उलगडलं. हिब्रूतली दालेत आणि रेश ही अक्षरं म्हणजे सख्ख्या बहिणी. दालेतच्या कोपऱ्याला मागे इवलंसं टोक असतं, रेश गोल वळतं. दालेतची किंमत ४, रेशची २००. ज्या पाथरवटानं दगड घडवला त्याला कुणीतरी चिठ्ठीवर अक्षरं काढून दिली असणार. त्यानं पाहून पाहून कोरली, तेवढं एक टोक राहिलं आणि बाईंचं मरण १९६ वर्षं पुढे गेलं.

तो पोरगा खो खो हसत सुटला, मग डोळे पुसायला लागला. काकांना त्यानं खुणेनं सांगितलं, पुन्हा वाचा. काकांनी पहिल्यापासून सगळा मजकूर वाचला, आडनावाशी थांबत थांबत. त्यानं मोबाइलवर तो आवाज घेतला, आईला ऐकवायला. आई मराठी बोलते म्हणाला, वाचता येत नाही.