दोर कुणाच्या पाठीवर?

ओळख करून देताना मघाशी मला ‘बर्फावरचा वीर’ म्हटलं गेलं. स्की टूरिंग म्हणजे पायात स्की घालून बर्फाचा डोंगर चार-पाच तास गोगलगायीसारखं चढायचा आणि तासाभरात खाली यायचं. यात वीरश्री कुठे बसते, मला अजून सापडलेलं नाही.

चढताना स्कीच्या तळाला कातडी चिकटवतात. पूर्वी ती खरोखर सीलची असायची. आता मोहेरची, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची, किंवा नायलॉनची असते, पण नाव कातडीच राहिलं. हात फिरवून बघा. एका बाजूने मऊ, उलट फिरवला की खरखरीत. म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. बुटाचा पुढचा भाग अडकवलेला, टाच मोकळी. नवखा माणूस दर पावलाला स्की उचलतो आणि तासाभरात त्याच्या मांड्या भरून येतात. ती उचलायची नसते, बर्फावरून पुढे सरकवायची असते. कातडीचा गोंद गारठला तर चिकटत नाही, म्हणून माझा मित्र काढलेली कातडी घडी घालून जाकिटाच्या आत, थेट पोटाशी ठेवतो. वर पोचल्यावर तिला ओल्या लोकरीसारखा वास येतो. त्याबद्दल तो कधी दिलगिरी व्यक्त करत नाही.

हिमस्खलनाबद्दल आज फार बोलणार नाही. बहुतेक घसरणी तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात. बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं संदेश-यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडे हवं, आणि ऊन चढायच्या आत खाली यायला हवं. मला बोलायचंय ते हिमनदीबद्दल.

हिमनदी वाहते. कड्यावरून किंवा वळणावरून जाताना ती ताणली जाते, तडकते, आणि त्या भेगांवर वाऱ्याने आणलेला बर्फ छप्पर घालतो. वरून सगळं सपाट, पांढरं, निरागस दिसतं. म्हणून एकमेकांना दोराने बांधून चालायचं. पण दोघंच असलात तर दोर फार कडक हिशेब मागतो. तिघं-चौघं असले की एक पडला तरी बाकीचे मिळून पेलतात. दोघांत एक पडला, की दुसऱ्याने त्याचं वजन अंगावर घेऊन बर्फात रुतून बसायचं, त्याच अवस्थेत स्की किंवा बर्फाची कुऱ्हाड पुरून आधार तयार करायचा, आणि मग वर ओढायची व्यवस्था लावायची. म्हणून मधलं अंतर जास्त ठेवतात, पंधरा मीटर किंवा त्याहूनही लांब, आणि मध्ये जाड गाठी मारतात. पडताना त्या भेगेच्या काठात रुतून झटका सोसतात. ओढताना मात्र त्याच गाठी आडव्या येतात! म्हणून उरलेला दोर सॅकमध्ये ठेवायचा आणि गरज पडली की तो वेगळा खाली सोडायचा. हे सगळं सपाट मैदानावर, हातमोजे घालून, चिडचिड होईपर्यंत करून बघावं लागतं. ज्याला त्याचा कंटाळा येतो, त्याच्याबरोबर मी हिमनदीवर जात नाही.

उतरताना बहुधा दोर सोडतात, कारण बांधलेल्या अवस्थेत दोघांनी नीट स्की करणं जवळजवळ अशक्यच. भरवसा असतो तो लांब स्कीवर पसरलेल्या वजनाचा. पण तो भरवसा पुरतोच असं नाही. फ्रेंच गिर्यारोहक लुई लाशनाल १९५० मध्ये मॉरिस एर्झोगबरोबर हिमालयातल्या अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोचला होता. पाच वर्षांनी, १९५५ मध्ये, फ्रान्समधल्या शामोनीजवळच्या व्हॅले ब्लांश या हिमनदीवर स्की करताना बर्फाने झाकलेल्या भेगेत पडून तो गेला. अन्नपूर्णेवरून जिवंत उतरलेला माणूस!

आता आमची गोष्ट. माथा झाला, कातडी काढली, टाचा अडकवल्या. उन्हात बर्फ असा मखमली झाला होता की मित्राने वाट न बघता सूर मारला. मी मागे. खालच्या भेगांच्या पट्ट्याशी येताना एकदम लक्षात आलं, की दोर त्याच्या पाठीवर आहे. तो पडला तर दोरही त्याच्याबरोबर खाली. मी पडलो तर त्याला पुन्हा कातडी लावून वर चढत यावं लागणार. नियम सोपा आहे, दोर मागच्याकडे! आणि माथ्यावर त्याने तो सॅकमध्ये भरताना मी शेजारी उभा राहून चॉकलेट खात होतो.

मी हाक मारली. तो थांबला. त्याच्या वळणांच्या खुणांवरूनच, अगदी सावकाश, मी त्याच्यापर्यंत गेलो. स्की कुणीच काढली नाही. त्याने सॅक उतरवली, दोर काढून माझ्या हातात दिला आणि फक्त एवढंच विचारलं, “चॉकलेट उरलंय का?”