कबऱ्या गायीचे उसने दिवस

साल 1938. आयर्लंडमधली एक खेड्यातली शाळा. पोरांना गृहपाठ मिळालाय, पण उत्तर पुस्तकात नाही. ते घरच्या आजीला, नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्याला विचारून आणायचं. विषय आहे हवामान.

1937 ते 1939 या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने देशभरातल्या सुमारे 5000 शाळांमधून असं लोकज्ञान गोळा केलं. लिहिणारी होती अकरा ते चौदा वर्षांची पन्नास हजारांवर मुलं.

वह्यांत काय काय उतरलं! मांजर विस्तवाकडे पाठ करून बसलं, हवा बिघडणार. धुराड्यातून काजळी गळली, पाऊस. भिंगऱ्या जमिनीलगत उडू लागल्या, पाऊस. कुरव समुद्र सोडून शेतांत आले, वादळ. आणि लांबचा डोंगर अगदी जवळ आल्यासारखा दिसला, तरी पाऊसच.

आता पश्चिम आयर्लंडच्या काही भागांत वर्षाकाठी सव्वादोनशे दिवस पाऊस पडतो. तिथं ‘पाऊस येणार’ म्हणणारा सहसा खोटा पडायचा नाही! तिथलीच एक थट्टा आहे: डोंगर दिसला तर पाऊस येणार, नाही दिसला तर तो पडतोच आहे.

तरी काजळीची गोष्ट अगदीच हवेतली नाही. दमट हवेत ती ओल धरते, जड होते आणि निखळते. ज्याचं कापलेलं गवत रानात वाळत पडलंय, त्याला एवढी खूण पुरे. गवत भिजलं, कुजलं, तर हिवाळ्यात गुरांपुढे टाकायचं काय?

गुरांवरून आठवली ती कबरी गाय. मार्च सरला आणि ही म्हातारी गाय फुशारकी मारू लागली, “काय वाकडं केलंस रे माझं? आहे की मी धडधाकट!” मार्चला ते झोंबलं. त्याने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि असा झोंबरा वारा सोडला, की गाय जागच्या जागी गारठून मेली.

म्हणून एप्रिलचे पहिले तीन दिवस म्हणजे ‘लेहंता ना बो रिअवी’, कबऱ्या गायीचे दिवस. उन्हाची तिरीप पाहून कुणी लोकरीचे कपडे पेटीत टाकायला निघालं, की घरातलं जुनं माणूस अडवणार, “थांब. गायीचे दिवस जाऊ देत.”