नांगा मोडण्याआधी

(दृश्य: ओहोटी. खडकातल्या डबक्यात एक शंख हळूच चालू लागतो.)

शंख चालतोय, कारण आत बिऱ्हाडकरू आहे. मूळ मालकीण समुद्री गोगलगाय. ती मेली, आता खेकडा राहतो. याचं पोट मऊ, उघडं. घर सुटलं की जिवाला धोका.

उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला, रॉबर्ट एलवुड या प्राणिशास्त्रज्ञाने अशा शंखांना बारीक तारा जोडून आतल्या खेकड्यांना विजेचा हलका झटका दिला. काही खेकडे बाहेर पडले. एवढ्यावरून काही ठरत नाही. चटका बसला की आपला हातही आपसूक मागे येतो. पण शंख आवडीचा असेल, तर खेकडा तो सहजी सोडत नव्हता. नावडता असेल, तर लवकर सोडायचा. आणि पाण्याला शिकारी प्राण्याचा वास असेल, तर झटका सोसूनही बरेच जण आतच थांबायचे.

एका पारड्यात दुखणं, दुसऱ्यात घर आणि जीव. जो असा तोलतो, त्याला काहीच जाणवत नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या आत शिरून बघता येत नाही, हे खरं. पण शेजाऱ्याचं दुखणं तरी आपण कसं ओळखतो? चेहऱ्यावरून, वागण्यावरून. खेकड्याचा चेहरा आपल्याला वाचता येत नाही, एवढंच.

२०२१ साली तत्त्वज्ञ जोनाथन बर्च यांच्या गटाने तीनशेहून जास्त शोधनिबंध तपासून ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. २०२२च्या तिथल्या कायद्याने खेकडे, शेवंड, ऑक्टोपस यांना संवेदनशील प्राणी मानलं. जिवंतपणी अवयव तोडू नयेत, असंही त्या अहवालात होतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. परातीत कुर्ल्या.)

हे वाचलं आणि मला आमची परात आठवली. बोटाला चावू नये म्हणून कुर्लीचे नांगे आधी मोडायचे, हीच रीत. मोडलेला नांगा परातीत पडून उघडमीट करायचा. उरलेली कुर्ली तिरकी तिरकी कडेपर्यंत जायची, घसरून परत यायची. आम्ही मुलं टाळ्या पिटायचो.

आपल्याकडच्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. कुर्लीही त्यात आली. खाण्यासाठी मारायला कायद्याची हरकत नाही. अनावश्यक वेदना देण्याला आहे.

कुर्ल्यांचा रस्सा आमच्याकडे आजही होतो. फक्त आता आधी टोकदार सुरीने तिचा जीव घेतात, झटक्यात. नांगे त्यानंतर.